पुढच्या चाकाची गोष्ट

गोंदियाजवळच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांची शेती बिरसी विमानतळाच्या बाजूला आहे. ते लिहितात, ‘आमच्या धानाच्या बांध्यांवरून दिवसभर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. वर असतात तोवर अगदी शहाण्यासारखी उडतात. पेपरात बातमी येते ती मात्र उतरताना घसरलं, उतरताना नाक आपटलं, अशीच. वर जाताना न घाबरणारी ही पोरं खाली येताना का पडतात?’

पत्र वाचून मी खूश झालो. प्रश्न चांगला आहेच, शिवाय त्या निमित्तानं माझ्या एका आवडत्या इंजिनिअरबद्दल लिहिता येणार आहे. रोज त्याच्या कृपेवर उतरणाऱ्या वैमानिकांतही त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याच्याकडे येतोच, पण आधी थोडा हिशेब.

वाचकांचं निरीक्षण बरोबर आहे. अमेरिकेत हलक्या विमानांच्या अपघातांचे अहवाल निघतात, त्यात उतरतानाचे अपघात संख्येनं सगळ्यांत वर असतात आणि मृत्यूंच्या यादीत मात्र खूप खाली. प्रोपेलरची पाती केळीच्या सालीसारखी वळतात, पंखाचं टोक घासतं, विम्याचे कागद भरावे लागतात आणि पोरगं धूळ झटकत बाहेर येतं. म्हणूनच हा अपघात जरा निवांतपणे, भिंग लावून बघण्यासारखा आहे.

सेसना १५२ हे शिकाऊंचं जुनं, भरवशाचं दोन आसनी विमान. दोन माणसं आणि पेट्रोल धरून वजन जास्तीत जास्त ७५७ किलो, म्हणजे एखाद्या छोट्या मोटारीएवढं. ते ताशी साधारण ११० किलोमीटर वेगानं धावपट्टीकडे येतं. या वेगातली ऊर्जा मोजली तर ती सुमारे ४८ मीटरवरून, म्हणजे पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतकी भरते. आकडा भीतीदायक आहे खरा, पण हा वेग जवळजवळ सगळा आडवा असतो. विमान ३ अंशांच्या उतारानं येत असेल तर जमिनीच्या दिशेनं त्याचा वेग सेकंदाला फक्त १.६ मीटर पडतो. हा दणका किती उंचीवरून पडल्याचा? १३ सेंटिमीटर! जिन्याच्या एका पायरीवरून उडी मारा, तेवढाच.

मला हा आकडा फार आवडतो. वैमानिकानं काहीही केलं नाही, विमान जसं येतंय तसं जमिनीला लागू दिलं, तरी दणका पायरीभरच. हलक्या विमानाचे पाय सेकंदाला दोन ते तीन मीटरचा दणका सोसतील असेच बनवलेले असतात. मग मोडतं काय? आणि का?

उत्तर शेवटच्या दहा मीटरांत आहे. तिथे शिकाऊ वैमानिकाला एक चमत्कारिक गोष्ट करायची असते. विमान उतरवायचं असतं, पण त्यासाठी ते न उतरण्याचा प्रयत्न करायचा असतो. जमीन जवळ आली की इंजिनाची ताकद काढून घ्यायची आणि हँडल हळूहळू मागे ओढत नाक उचलायचं. वेग कमी होतो, विमान खाली बसू पाहतं, आपण आणखी थोडं ओढायचं. ते पुन्हा बसू पाहतं, पुन्हा थोडं ओढायचं. शेवटी पंखांना वजन पेलवेनासं होतं आणि त्या क्षणी चाकं जमिनीपासून वीतभर वर असतात. याला फ्लेअर म्हणतात. एकदा मी अशा चार आसनी सेसनात मागे बसलो होतो. डावीकडे शिकाऊ मुलगी, उजवीकडे प्रशिक्षक. प्रशिक्षकाचा तळहात हँडलच्या खाली दोन इंचांवर उघडा, पण त्याला न लागलेला. तोंडानं एकच जप चाललेला, ‘टेकवू नकोस, उडत ठेव, उडत ठेव.’ तेवढ्यात पंखाकडून पिपाणीसारखा रडका सूर आला आणि मागची चाकं टेकली. तो सूर कसला, हे मी नंतर विचारलं. पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असतं आणि नळीतून पुढे बाजाच्या पेटीत असते तशी पत्ती. पंख वजन सोडायच्या बेतात आला की छिद्रापाशी हवेचं शोषण होतं आणि पत्ती वाजते. ना वीज, ना बॅटरी. चांगलं उतरणं म्हणजे पेटीचा सूर लागता लागता टेकणं.

यात दोन अडचणी आहेत, एक हवेची आणि एक डोळ्यांची.

हवेची अडचण अशी. पंख जमिनीच्या जवळ आला की त्याच्या टोकांशी सुटणारे भोवरे जमिनीमुळे नीट फिरू शकत नाहीत. त्यामुळे उचल निर्माण करण्यापोटी पंखाला सोसावा लागणारा विरोध घटतो. पंखांच्या लांबीच्या दशांश उंचीवर तर तो निम्म्याजवळ येतो. (याला ‘हवेची उशी’ म्हणायची पद्धत आहे. उपमा मऊ आहे, पण चुकीची. खाली काही दबत नसतं, वरचे भोवरे अडलेले असतात.) परिणाम असा की आतापर्यंत आज्ञाधारकपणे खाली येणारं विमान नेमकं धावपट्टीवर तरंगत राहतं. त्यात वेग दहा टक्के जास्त असेल तर ऊर्जा एकवीस टक्के जास्त. धावपट्टी खालून सरकत चालली आहे, विमान बसत नाही आणि शिकाऊचा धीर सुटत चालला आहे. अशा वेळी हात आपोआप हँडल पुढे ढकलतो. बस खाली एकदाचं!

डोळ्यांची अडचण याहून गंमतशीर. जमीन किती खाली आहे, हे कळतं कसं? दोन डोळ्यांमुळे खोली कळते, असं आपण शाळेत शिकलो. पण १९३३ मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या वैमानिकाला, वायली पोस्टला, एकच डोळा होता. दुसरा त्यानं तेलाच्या विहिरीवरच्या अपघातात गमावला होता. तरी वाटेतल्या धावपट्ट्यांवर तो उतरलाच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, की खोलीच्या पाठ्यपुस्तकी चाचण्या वैमानिक निवडायला फारशा कामाच्या नाहीत. वैमानिक खोली मोजत नाही, तो जमिनीचा प्रवाह बघतो. आपण पुढे जात असताना समोरचं सगळं दृश्य एका बिंदूपासून चहूकडे फाकत जातं. तो बिंदू तेवढा जागचा हलत नाही आणि आपण आदळणार असतो ते तिथेच. काचेतून दिसणारं जे ठिकाण वरही सरकत नाही आणि खालीही सरकत नाही, तिथे तुझं विमान पोचणार, हे वोल्फगांग लँगविश या वैमानिक-लेखकानं १९४४ च्या आपल्या पुस्तकात शिकाऊंना समजावलं. प्रशिक्षक आजही तेच शिकवतात.

आणि किती वेळात पोचणार? इथे मला थोडं भरकटू द्या. फ्रेड हॉइल या खगोलशास्त्रज्ञाची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी १९५७ ची. सूर्यमालेकडे एक काळा ढग येतो आहे. तो किती दूर आहे, किती मोठा आहे, वेग किती, काहीच माहीत नाही. तरी कादंबरीतले शास्त्रज्ञ तो कधी पोचेल ते काढतात. ढग आकाशात केवढा दिसतो, त्याला तो दर दिवशी कितीनं मोठा दिसू लागतो, यानं भागायचं. बस्स! अंतर नको, वेग नको. एखादी वस्तू सेकंदाला दहा टक्क्यांनी मोठी दिसत असेल, तर ती दहा सेकंदांत तुमच्यापाशी आहे. पुढे १९७६ मध्ये डेव्हिड ली या मानसशास्त्रज्ञानं मोटारचालक ब्रेक कधी दाबतो हे समजावताना हेच गणित मांडलं. कादंबरीत आधी आणि शोधनिबंधात नंतर, असं विज्ञानात क्वचित घडतं. आपल्या जयंत नारळीकरांनी केंब्रिजला याच हॉइल यांच्या हाताखाली पीएचडी केली आणि नंतर मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. गुरूच्या कथेतल्या भागाकारावर वैमानिकांच्या अभ्यासकांचं घर चालतंय, याची त्यांना गंमत वाटली असती.

मधमाशीला तर भागाकाराचीही गरज पडत नाही. ऑस्ट्रेलियात संशोधन केलेल्या मंड्यम श्रीनिवासन या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की सपाट जागी उतरणारी मधमाशी एकच नियम पाळते. खालची जमीन डोळ्यांपुढून सरकण्याचा वेग कायम ठेवायचा. खाली यावं तशी जमीन भराभर सरकताना दिसते. ती तशी दिसू द्यायची नसेल तर वेग कमी करत जावं लागतं. उंची शून्याजवळ आली की वेगही आपोआप शून्याजवळ येतो. मधमाशी न मोजता अलगद टेकते.

माणसाच्या पोराला मात्र ही नजर वीस-पंचवीस, कधी शंभर वेळा उतरून कमवावी लागते. तुमच्या शेतावरच्या घिरट्या त्यासाठीच. त्यातही नजर जुन्या सवयीला चिकटून राहते. रुंद धावपट्टीवर शिकलेला मुलगा अरुंद धावपट्टीवर गेला की ती नेहमीपेक्षा दूर भासते. आपण अजून वर आहोत असं त्याला वाटतं आणि फ्लेअर करायच्या आधीच जमीन लागते.

आता मोडण्याचं बघू. अधीर होऊन हँडल पुढे ढकललं किंवा फ्लेअरला उशीर झाला, की आधी टेकतं ते नाकाखालचं चाक. ते विमानाच्या गुरुत्वमध्याच्या बरंच पुढे असतं. जमिनीचा धक्का त्याला लागला की नाक वर फेकलं जातं. नाक वर म्हणजे पंखांचा कोन मोठा, म्हणजे उचल जास्त, म्हणजे विमान पुन्हा हवेत. घाबरलेलं पोर हँडल पुढे ढकलतं. पण डोळ्यांना कळून हात हलेपर्यंत आणि हात हलून विमान ऐकेपर्यंत नाक आपणहूनच खाली यायला लागलेलं असतं. ढकलणं त्याच्या भरीला पडतं. नाक पुन्हा आपटतं, पहिल्यापेक्षा जोरात. पोर आता ओढतं, तेही उशिरा. नागपंचमीचा झोका आठवा. थांबवायला म्हणून लावलेला हात चुकीच्या क्षणी लागला, तर झोका थांबायच्या ऐवजी उंच जातो. इथे प्रत्येक वेळी हात चुकीच्याच क्षणी लागतो, कारण उशीर ठरलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या उडीला पुढच्या चाकाचा पाय मोडतो, प्रोपेलर धावपट्टी खणतो आणि पेपरात बातमी येते. पायरीभर दणक्यानं न मोडणारं विमान आपल्याच दुरुस्तीनं मोडतं. उपाय शिकवलेला असतो. हात स्थिर ठेव, पूर्ण ताकद दे, परत वर जा आणि नव्यानं ये. पण उतरायला आलेल्या माणसाला वर जाणं पराभवासारखं वाटतं, त्याला काय करणार?

तुम्ही म्हणाल, मग ते पुढचं चाक हवंच कशाला? तर ऐका, ते नसताना काय होतं ते.

जेआरडी टाटांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तेव्हा मुंबईच्या फ्लाइंग क्लबची मॉथ विमानं जमिनीवर नाक वर करून, शेपूट टेकवून बसत. मुख्य चाकं पुढे आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. ही मांडणी किती वाईट आहे, हे वैमानिकापेक्षा साखर कारखान्यावर उसाची ट्रॉली रिव्हर्स घेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला लवकर पटेल. ट्रॉली ओढताना कशीही मागे येते, पण ढकलायला गेलं की जरा वाकडी झाली तर आणखी वाकडी होते आणि शेवटी ट्रॅक्टरला काटकोनात येऊन उभी राहते. शेपटीवाल्या विमानाचंही तसंच. चाकं अडवतात पुढून, वजन ढकलतं मागून. टेकल्यावर नाक जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान जागच्या जागी गिरकी घेऊन पंखावर पडतं. त्या काळच्या शिकाऊंच्या किती शिव्या या गिरकीपायी खर्ची पडल्या असतील! सगळे तिला ‘वैमानिकाची चूक’ म्हणत.

न म्हणणारा एक इंजिनिअर होता फ्रेड वाइक. १८९९ चा जन्म. व्हर्जिनियातल्या लँग्लीच्या सरकारी विमान-प्रयोगशाळेत तो प्रोपेलर आणि इंजिनांवर काम करायचा. इंजिनाभोवती नीट घडवलेलं आवरण घातलं तर विमानाचा वेग केवढा वाढतो, हे तिथे त्याच्या देखरेखीखाली सिद्ध झालं आणि १९२९ ची मानाची कॉलियर ट्रॉफी प्रयोगशाळेला मिळाली. एवढ्यावर माणूस आयुष्यभर भाषणं देत फिरला असता. वाइकनं नोकरीच्या वेळेबाहेर सहकाऱ्यांना गोळा करून स्वतःचं विमान बांधायला घेतलं. कल्पना अशी की सगळेच एक चूक करत असतील तर ती यंत्रात शोधावी. १९३४ मध्ये त्याचं डब्ल्यू-१ उडालं. त्याला वळवता येणारं एक चाक नाकाखाली होतं आणि मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या मागे. म्हणजे ट्रॉली आता ढकलायची नव्हती, ओढायची होती. तीन चाकांच्या मांडणीचं ‘ट्रायसिकल’ हे बारसंही त्यानंच केलं. कर्टिसच्या सुरुवातीच्या विमानांना अशी तीन चाकं होती, पण मधल्या काळात ती मागे पडली होती. वाइकनं ती नुसती परत आणली नाहीत, ती का हवीत हे दाखवून दिलं.

पुढे त्यानं एर्कूप बनवलं. त्याला पायातले पेडलच नव्हते. मोटारीसारखं एकच चाक फिरवायचं. आडवा वारा असला की हे विमान धावपट्टीला तिरकंच येऊन टेकायचं आणि टेकताच आपोआप सरळ व्हायचं, ओढलेल्या ट्रॉलीसारखं. भरपूर दबणारे लांब पाय तिरका दणका पचवायचे. विमान भोवऱ्यासारखं गरगरत खाली पडूच शकणार नाही, असं प्रमाणपत्र त्याला १९४० मध्ये मिळालं. युद्ध संपताच ते न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात विकायला होतं, कपडे आणि भांड्यांच्या शेजारी! प्रत्येक घराच्या गॅरेजात विमान, ही तेव्हाची स्वप्नविक्री. ते स्वप्न काही फळलं नाही. गरगरत न पडणारं विमानही ढगात शिरलेल्या डोंगरावर आदळू शकतं, हे जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

आणि इथे मला जरा चिडायचं आहे. वाइकची मांडणी सगळ्यांनी उचलली. सेसनाचं १७२, ज्याच्या ४४,००० हून जास्त प्रती निघाल्या, ते मुळात आधीच्या शेपटीवाल्या विमानाला पुढचं चाक लावून झालेलं. विकताना कंपनीनं चाकांना नाव दिलं ‘लँड-ओ-मॅटिक’. जणू उतरणं यंत्रच करणार. मोटार रस्त्यावर न्यावी तसं विमान जमिनीवर न्या, असा सूर. लोकांनी तसंच नेलं आणि आधी पुढचं चाक टेकवायला लागले. वाइकनं ते चाक टेकल्यावर विमान सरळ राहावं म्हणून दिलं होतं. दणका मागच्या दोघांनी घ्यायचा, पुढच्यानं वाट दाखवायची. जाहिरातवाल्यांनी वाट दाखवणाऱ्यालाच हमाल केलं. गिरकी गेली आणि मोडक्या नाकांचा जमाना आला. आज बटण दाबताच आपोआप उतरणारी छोटी विमानं आली आहेत. त्या तंत्राला २०२० ची कॉलियर ट्रॉफीही मिळाली. वैमानिकच बेशुद्ध पडला तर ते देवासारखं धावून येईल, यात शंका नाही. पण ‘आता उतरायला शिकायलाच नको’ असं कुणी म्हणालं, की मला लँड-ओ-मॅटिक आठवतं.

वाइक थांबला नाही. शेतांवर फवारणी करणारी विमानं केली, मग पायपर कंपनीत जाऊन चेरोकीच्या रचनेत मोठा वाटा उचलला. चेरोकी आणि तिच्या भावंडांनी तीस हजारांचा आकडा केव्हाच ओलांडला. त्यातलंच एक घेऊन सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेव्हर्ली विमानतळावरून एक सतरा वर्षांची विद्यार्थिनी एकटीच निघाली होती. उडताना एका बाजूचं मुख्य चाक निखळून पडलं. ते दुसऱ्या वैमानिकानं पाहिलं म्हणून तिला कळलं. रेडिओवरून एका प्रशिक्षकानं धीर दिला. तिला करायचं होतं ते हेच, पायाविना राहिलेली बाजू हवेनं उचलून धरायची, हवा धरेल तोवर. पण हवेचा जोर वेगाच्या वर्गानं घटतो. वेग निम्मा झाला की जोर पावच उरतो. म्हणजे ती बाजू कधीतरी टेकणारच, फक्त तोवर वेग जितका संपेल तितकं बरं. तिनं विमान उतरवलं. ते घसरत गवतात गेलं आणि ती चालत बाहेर आली. शिकाऊनं केलेलं उतरणं म्हणून मी तरी त्याला पूर्ण मार्क देईन.

तेव्हा गोंदियाच्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी विमान खाली येताना दिसलं तर बांधावर जरा थांबा आणि कोणतं चाक आधी टेकतं ते बघा. तिन्ही एकदम टेकली तर पोर घाईत आहे. पुढचं आधी टेकलं तर तुम्हाला पुढच्या उड्या मोजता येतील, देव करो एकच होवो. पण मागची दोन टेकली, तरी नाक वरच आहे, विमान पळतंय तरी नाक वरच आहे, आणि वेग पार मंदावल्यावर पुढचं चाक पाहुण्यासारखं हळूच खाली आलं, तर हातातलं विळा-खुरपं क्षणभर खाली ठेवा आणि टाळी वाजवा. त्या पोराला ती ऐकू जाणार नाही. अर्धी टाळी वाइकची आहे, त्यालाही नाही.